ख्रिस्ती कादंबरी लिहायची आणि छापून आणायची: नागपुरात बसून कसं जमतं

गेल्या दोन वर्षांत आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, चार-पाच पोरापोरींनी मला एकच प्रश्न विचारलाय, ताई कादंबरी लिहून झालीये पण आता पुढं काय, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवते. माझी पहिली कादंबरी छापून यायला सात वर्षं लागली आणि हे कोणी आधी सांगितलं असतं तर त्यातली चार तरी वाचली असती.

पहिलं म्हणजे आपण ख्रिस्ती लोक मराठी साहित्यात पाहुणे आहोत हे डोक्यातून काढा. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ चं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचंच नाव घेतात, लिहिणारा ख्रिस्ती आणि विषय हिंदू विधवांच्या हालाचा. आणि आपलं नागपूर म्हणाल तर रेव्हरंड टिळक इथं राहिलेले, नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला. लक्ष्मीबाई टिळक १९३३ ला ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या ते संमेलनही नागपूरचंच. तर संकोच कशाचा करायचा?

आता लिहिण्याबद्दल, आणि यावर मी जास्त बोलणार कारण बहुतेकांचं काम इथंच अडतं, प्रकाशकाकडे नाही. आपण लहानपणापासून संडे स्कूल, प्रार्थनासभा, साक्षी, उपदेश हे ऐकत मोठे होतो त्यामुळे लिहायला बसलं की हातातून उपदेशच उतरतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात रूथचा नवरा ॲक्सिडेंटमध्ये जातो आणि पुढची दोन पानं ती प्रार्थना करते, वचनं आठवते, शेवटी तिला शांती मिळते. मला वाटलं काय सुंदर झालंय. शेजारच्या मावशींना वाचायला दिलं, त्या मिशन हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या नर्स, आयुष्यभर मरणं पाहिलेली बाई. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "पोरी, हे तं पास्टरसाहेबाचं भाषण झालं. हिचा नवरा मेला ना? मग ही रडली कधी?"

मी ते प्रकरण नव्यानं लिहिलं. आता रूथ आठव्या दिवशी स्कूटरची डिक्की उघडते तर आत नवऱ्याचा टिफिन तसाच, अर्धी पोळी वाळून कडक झालेली, भाजीला बुरशी आलेली. ती तो डबा घासते, दोनदा घासते, पुसून परत डिक्कीत ठेवते. रविवारी उपासनेला जाते पण गाण्याला तोंड उघडत नाही, आणि प्रार्थना एकच ओळ, तू होतास कुठं. मला भीती वाटली की मंडळीतले लोक काय म्हणतील, पण योहानाचा अकरावा अध्याय काढून बघा, मार्था प्रभूला तोंडावर हेच म्हणते की आपण इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. शास्त्राला जे चालतं ते आपल्या कादंबरीला का नाही चालणार.

तसंच मनपरिवर्तनाचं. एका प्रकरणात दारुडा नवरा सभेला जातो आणि पुढच्या प्रकरणात सुधारलेला, असं लिहू नका, वाचक पुस्तक मिटतो. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ ला झाला आणि लक्ष्मीबाईंना त्या वाटेवर यायला पुढं कितीतरी वर्षं लागली, सोवळंओवळं एकेक करून सुटत गेलं. कादंबरी त्या मधल्या वर्षांतच असते.

भाषेचं पण बघा. आपली एक चर्चची मराठी असते, 'हे परमपित्या', 'आम्हास', 'तुझ्या चरणी', आणि एक घरातली, 'काय करून राहिली', 'मले नाही पाहिजे'. दोन्ही ठेवा पण जागा ओळखून. पास्टर व्यासपीठावर जे बोलतात ते घरी बायकोशी बोलत नाहीत, नुसता हा फरक दाखवला तरी माणूस उभा राहतो. आणि वाचक फक्त आपलेच नाहीत, त्यामुळे प्रभुभोजन, वडीलमंडळ, मिशन कंपाउंड हे शब्द असे वापरा की धरमपेठेतल्या किंवा महालातल्या वाचकाला आपोआप कळतील, तळटीप देत बसू नका.

वचनं कादंबरीत घ्यायची असतील तर कुठल्या भाषांतरातली ते आधीच ठरवा. आत्ता चर्चमध्ये वाचतो त्या भाषांतरांचा कॉपीराइट असतो, मोठा उतारा घ्यायचा तर परवानगी मागायची आणि पुस्तकात तसा उल्लेख करायचा. पंडिता रमाबाई १९२२ ला गेल्या, आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो त्यामुळे त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर मोकळं आहे, आणि त्याची जुनी बोली म्हाताऱ्या पात्राच्या तोंडी फार शोभते.

कादंबरीच्या आधी कथा छापून आणा. दिवाळी अंकांना मे ते जुलैमध्ये पाठवा, ऑगस्टनंतर उशीर होतो. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे, १९२३ पासूनची संस्था, त्यांचं 'युगवाणी' हे नियतकालिक निघतं, तिथल्या कार्यक्रमांना नुसतं जाऊन बसलं तरी ओळखी होतात. मी दोन वर्षं मागच्या खुर्चीत बसायचे, तिसऱ्या वर्षी एका काकांनी विचारलं तुम्ही काय लिहिता.

प्रकाशकाला पाठवताना पूर्ण हस्तलिखित तयार असू द्या, युनिकोडमध्ये टाइप केलेलं. सोबत एका पानाचं पत्र, एका पानाचा सारांश (शेवट पण सांगायचा, लपवायचा नाही) आणि पहिली तीन प्रकरणं. पत्रात सुरुवात गोष्टीनं करा. मी आधी लिहायचे 'ही ख्रिस्ती मूल्यांवर आधारित कादंबरी आहे', तर उत्तर यायचं की आम्ही धार्मिक पुस्तकं काढत नाही, किंवा उत्तरच नाही. मग लिहिलं की मिशन कंपाउंडमधल्या एका घराच्या तीन पिढ्यांची गोष्ट, आजी गावोगाव फिरणारी बायबलबाई, आई नर्स, आणि नातीला ते घर सोडायचंय. दोन ठिकाणाहून फोन आले. विश्वास लपवला नाही मी, तो पानापानावर आहे, फक्त माणसं आधी आणली. सहा महिने वाट बघा, तीन महिन्यांनी एकदा नम्रपणे विचारा.

होकार आला की आनंदात सही करू नका!! करार लेखी हवा. रॉयल्टी साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे २०० रुपयांच्या पुस्तकाला प्रतीमागे २० रुपये, ५०० प्रती गेल्या तर १० हजार, तेव्हा यावर घर चालत नाही हे आधीच समजून घ्या, नोकरी सोडू नका. करारात हक्क किती वर्षांसाठी देताय ते लिहून घ्या. मुदत लिहिली नसेल तर कायद्यानं पाच वर्षं धरतात, पण 'कायमस्वरूपी' असा शब्द असेल तर तो खोडायला लावा. इ-बुक, ऑडिओ, भाषांतर, सिनेमा हे हक्क वेगवेगळे असतात, सगळे एका ओळीत देऊन टाकू नका.

कोणी पैसे मागितले तर तो प्रकाशक नाही, छपाईची सेवा देणारा आहे, आणि तसं समजूनच व्यवहार करायचा. माझं पहिलं पुस्तक मी असंच एकांकडे दिलं, पूर्ण पैसे आगाऊ भरले. माझी फाइल युनिकोडमध्ये, त्यांचं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवायचं काम, जुन्या फॉन्टमध्ये, कन्व्हर्ट करताना 'ख्रिस्त'चं सगळीकडे 'खि्रस्त' झालं, आणि प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, मला दाखवलंच नाही. ३०० प्रती घरी आल्या, पहिलं पान उघडलं आणि प्रभूचंच नाव तुटलेलं. मी ती खोकी उघडी ठेवून रात्रभर बसले होते. त्यामुळे सांगते, शेवटचं प्रूफ कागदावर मागा, ख्रि, स्त्रि, र्ह्या, ऱ्या ही अक्षरं शोधून शोधून बघा आणि प्रूफवर तुमची सही झाल्याशिवाय छपाई नाही असं लिहून घ्या.

स्वतः काढायचं असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो, केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा, लेखकाला स्वतःच्या नावानं पण मिळतो, त्याचे कोणी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका. ६० हजार शब्दांची कादंबरी डेमी साइझमध्ये (कादंबऱ्यांचा नेहमीचा आकार) सव्वादोनशे पानांच्या आसपास जाते, छपाई १६ पानांच्या फॉर्मवर चालते, म्हणजे एका मोठ्या कागदातून १६ पानं निघतात, म्हणून २२४ पानं म्हणजे बरोबर १४ फॉर्म, पानं तशी बसवली की कागद वाया जात नाही. पहिल्यांदा २००-३०० प्रतीच काढा. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना असते, तिची जाहिरात येते त्यावर लक्ष ठेवा, फार कमी ख्रिस्ती पोरं अर्ज करतात असं मला दिसतं आणि त्याचं वाईट वाटतं. आणि प्रकाशक तुम्हीच असाल तर १९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चानं पाठवावी लागते, हे बहुतेक जण विसरतात.

विक्रीचं म्हणाल तर दुकानदार आणि वितरक मिळून ४० टक्के तरी कमिशन घेतात, किंमत ठरवताना ते धरा. आपल्याकडे रविवारची उपासना सुटली की पाळकांच्या परवानगीनं बाहेर टेबल लावता येतं, सदर, मोहननगर, सीताबर्डी, प्रत्येक मंडळीला आधी भेटून विचारा. सगळ्यात जास्त पुस्तकं नाताळच्या आधीच्या चार रविवारी जातात, लोक भेट म्हणून घेतात. त्यासाठी प्रती नोव्हेंबरच्या शेवटी हातात हव्यात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्रेसवाले दिवाळी अंकात आणि नंतर कॅलेंडरात अडकलेले असतात, म्हणून प्रूफ तपासलेली फाइल जुलैमध्येच द्या.