कारानिसच्या घरधन्याची वर्षभराची तयारी

कारानिसमध्ये नवं वर्ष थॉथ महिन्याच्या पहिल्या तारखेला, म्हणजे 29 ऑगस्टला लागतं. यंदाचं वर्ष रोमन सम्राट अँटोनिनस पायसचं दहावं. आपल्या हिशेबाने इ.स. 146. गाव इजिप्तमधल्या फयूमच्या ईशान्य कडेला, पाटाच्या शेवटी, त्यापुढे वाळवंट. नाईलला पूर कितीही चांगला आला तरी पाणी इथवर पोचेतो वरच्या गावांनी आपलं भागवून घेतलेलं असतं. टेलचा शेतकरी कुठल्याही काळातला असो, त्याचं हे दुखणं एकच.

तयारी नांगरापासून सुरू करावी असं कुणालाही वाटेल. पण जाणता घरधनी आधी पावत्यांची टोपली खाली काढतो. त्याला स्वतःला वाचता येत नाही, तरी कुठला कागद कशाचा हे घडीवरून आणि डागावरून ओळखता यायला हवं. पहिला शोधावा तो बांधावरच्या कामाचा दाखला. दरवर्षी उन्हाळ्यात प्रत्येक पुरुषाला पाच दिवस पाट उपसायला आणि बांध घालायला जावं लागतं, बिनमजुरीचं. काम झालं की चार ओळींची चिठ्ठी मिळते: सम्राटाचं वर्ष, पाटाचं नाव, माणसाचं नाव, बापाचं, आजाचं, आईचंही. ही चिठ्ठी हरवली तर पाच दिवस राबल्याचं शाबीत करणार कसं? मातीला काही आठवत नाही.

दुसरी पावती डोईपट्टीची. फयूमच्या खेड्यातल्या माणसाला वर्षाला 40 द्रख्मा, तर जिल्ह्याच्या शहरात नोंद असलेल्याला 20. रोमन नागरिकाला काहीच नाही. म्हणजे जो जास्त गरीब त्याच्यावर दुप्पट. मजुराला दिवसाला एखादा द्रख्मा मिळतो, तेव्हा महिन्याभराहून जास्त मजुरी यातच जाते. पैसे हप्त्याहप्त्याने भरता येतात, म्हणून हप्त्यागणिक पावती मागून घ्यावी. बायकांना ही पट्टी नाही. मुलग्याला चौदावं लागलं की लागू, आणि साठी उलटेपर्यंत सुटका नाही. घरात तेरा वर्षांचा पोरगा असेल तर पुढल्या वर्षाच्या 40 द्रख्मांची तजवीज यंदाच करावी.

वय लपवता येणार नाही, कारण यंदा खानेसुमारीचा कागद द्यायचा आहे. दर चौदा वर्षांनी घरोघरची मोजणी होते. सरलेलं नववं वर्ष मोजणीचं होतं आणि त्याचे कागद लोक दहाव्यात भरतात. कुणी अलेक्झांड्रियात हमाली करत असेल तर त्याला निरोप धाडून परत बोलवावं. इ.स. 104 मध्ये इजिप्तचा राज्यपाल गायस विबियस मॅक्सिमस याने तसा जाहीर हुकूमच काढला होता: मोजणी आहे, ज्याने त्याने आपापल्या घरी जावं. घरातली सगळी माणसं, त्यांची वयं, घराचा हिस्सा किती, गुलाम असतील तर तेही, असं सगळं सांगायचं. अंगावरचे व्रण आदल्या दिवशीच नीट पाहून ठेवावेत, कारण माणसाची ओळख अशा कागदांत व्रणावरून पटवतात. उजव्या गुडघ्यावर की डाव्या भुवईवर, याचा घोळ नको. शेवटी सम्राटाच्या भाग्याची शपथ घ्यायची. ज्याची नोंद करायला हवी त्याची केली नाही, तर मालमत्तेचा चौथा हिस्सा सरकारजमा. नोंद न केलेला गुलाम तर सरळ जप्त.

हे सगळं लिहिणार कोण? त्यासाठी लिहिणारा माणूस गाठावा लागतो. तो खाली लिहितो की अमक्याला अक्षर येत नाही म्हणून मी त्याच्या वतीने लिहिलं. यात शरमेचं काही नाही. पुढे चाळीसेक वर्षांनी फयूममध्येच पेताऊस नावाचा गावलेखनिक होऊन गेला. नाव लेखनिकाचं, पण स्वतःला लिहिणं जेमतेम. ‘मी पेताऊस, गावलेखनिक, सादर केले’ एवढं एकच वाक्य त्याने एका कागदावर पुन्हा पुन्हा गिरवलंय, आणि मध्येच एक अक्षर गळलं ते पुढच्या ओळींतही गळतच राहिलं. याच गृहस्थापुढे दुसऱ्या एका लेखनिकाविरुद्ध तक्रार आली होती की त्याला लिहिता येत नाही. पेताऊसचा निकाल असा की तो सही करतो ना, मग येतं! मला हा माणूस फार आवडतो.

आता पाणी. फाओफी महिन्याच्या, म्हणजे ऑक्टोबरच्या, अखेरीस ते ओसरतं. आपल्या तुकड्यावर चढलंच नाही तर कपाळाला हात लावून बसू नये. जमीन कोरडी राहिल्याचा अर्ज द्यावा, म्हणजे साऱ्यात सूट मागता येते. कोरडी पट्टी किती, कुठल्या वाटेला, शेजारी कोण, हे पायांनी मोजून घ्यावं.

बियाणं अरूरामागे एक आर्ताबा. अरूरा म्हणजे पाऊण एकराहून थोडं कमी, आणि आर्ताबा म्हणजे साधारण तीस किलो गहू. दहा अरूरांच्या धन्याला दहा आर्ताबे हवेत. सरकारी जमीन कसणाऱ्याला बी सरकारी कोठारातून उसनं मिळतं. ‘हे मातीतच पेरीन आणि नव्या पिकातून परत करीन’ असं लिहून द्यावं लागतं. घरात कितीही ओढ असली तरी या गव्हाला जात्याकडे नेऊ नये. सगळ्या रानात गहूच पेरू नये. थोडा मसूर, थोडी बार्ली, बैलासाठी चारा, दिव्यासाठी एरंडी. कबुतरखाना असेल तर विष्ठा वाया घालवू नये, त्यासारखं खत नाही.

हिवाळ्यातली घरची कामं म्हणजे विटांच्या भिंतीला मातीचा हात, तळघरातल्या कणगीचं झाकण, टोपल्या विणणं, लोकर कातणं. ती बायकांना सांगावी लागत नाहीत. मगरदेव प्नेफेरोस आणि पेतेसूखोस यांच्या देवळात जाऊन यावं.

खरी जागरणं सुगीत. फार्मुथी महिना, म्हणजे एप्रिलच्या आसपास, उजाडला की विळे परजायचे, खळं सारवायचं, मळणीचे बैल आधीच सांगून ठेवायचे आणि राखणीला घरचं माणूस बसवायचं. भरवशाच्या शेजाऱ्याचाही भरवसा नसतो. याच कारानिसमध्ये पन्नास वर्षांनी, 197 साली, गेमेलस होरियन नावाच्या अधू दृष्टीच्या जमीनदाराने अर्ज केला की शेजारचा युलियस बायकोला आणि आणखी एकाला घेऊन शेतात शिरला, करणी करायला अपुऱ्या दिवसांचं अर्भक कुळावर फेकलं आणि पीक उचलून नेलं. लोक भिऊन बाजूला झाले. यावर राखणदार काय करणार! पण निदान साक्षीदार तरी असावेत, म्हणून एकट्याला राखणीला बसवू नये.

रास तयार झाली तरी ती आपली नव्हे. आधी सरकारचा वाटा. खासगी जमिनीला अरूरामागे आर्ताबाभर, सरकारी जमिनीला त्याच्या तिप्पट-चौपट, कुठे त्याहूनही जास्त. मोजणी चालू असताना नजर धान्यावर नको, मापावर हवी. सरकारी मापाला शीग नसते. वरून फळी फिरवून ते सपाट करायचं असतं, आणि ‘सपाट मापाने’ असं पावतीवर लिहितात. शीग लावून घेतलं आणि सपाट लिहिलं, तर दर मापाला मूठमूठ गेली समजा. गाढवावर तीन आर्ताबे लादतात, तेव्हा किती गाढवं गेली ते पोराला मोजायला लावावं, म्हणजे पावतीशी ताळा जुळतो. पुढे हा गहू नाईलच्या धक्क्यावर जातो, तिथून अलेक्झांड्रिया, तिथून रोम. सोबत शिक्का मारलेला नमुना असतो, म्हणजे वाटेत कुणी माती मिसळली तर कळावं. काड आणि भुसा मात्र जपून ठेवावा: गुरांना, विटांना आणि चुलीला.

गावकीच्या कामांसाठी नावं निघतात ती ऐपत पाहून. वसुलीचं किंवा कोठाराचं काम गळ्यात पडलं तर इतरांची तूट स्वतःच्या खिशातून भरावी लागते. सम्राट नीरोच्या काळात फयूममधल्या वसुलीदारांनीच गाऱ्हाणं घातलं होतं की माणसं गाव सोडून पळाली, आता पट्टी मागायची कुणाकडे. रिकाम्या घराला कडी असते, पावती नसते.

या टोपल्या पुढे वाळूखाली गेल्या. 1924 पासून 1935 पर्यंत मिशिगन विद्यापीठाने कारानिस खणलं तेव्हा घरांतून पत्रं, वसुलीच्या याद्या, पोरांची लाकडी खेळणी, सगळं निघालं.

यंदाच्या पावत्या मात्र दोऱ्याने बांधून परत टोपलीत टाकाव्यात. मग कुदळीचा दांडा तपासावा. तो हलत असेल तर आत्ताच बदलून घ्यावा. पायनी महिना लागला की बांधावर हाक येईल, आणि सरकार कुदळ देत नाही.