बोटीच्या ताडपत्रीला कडक पारदर्शक खिडक्या लावताय? या चुका टाळा

रामटेकजवळच्या खिंडसी तलावावरच्या एका बोटीला मी पहिल्यांदा कडक पारदर्शक खिडक्या लावल्या त्या जानेवारीत. सकाळच्या गारठ्यात माप घेतलं, पॉलिकार्बोनेटची, म्हणजे कडक पारदर्शक प्लास्टिकची शीट कापली, शिवली, बसवली. काच लावल्यासारखं दिसत होतं. एप्रिलमध्ये बोटवाल्याचा फोन आला, "भाऊ, तुमच्या खिडकीले पोट आलं ना!" रामटेकला जाऊन पाहिलं, तर मधली मोठी खिडकी खरंच बाहेर फुगली होती आणि एका कोपऱ्यात टाके उसवायला लागले होते. शिलाई चांगली होती. मी शीटला कापड समजून वागलो होतो, तिथे चुकलं.

ऑटोच्या पावसाळी पडद्याचं मऊ प्लास्टिक थोडं ताणतं, थोडं सैल पडतं आणि कारागिराची चूक पोटात घालतं. कडक पॉलिकार्बोनेट शीट तसं करत नाही. आरपार स्वच्छ दिसतं, वाऱ्यात फडफडत नाही, म्हणून गिऱ्हाईक ती मागतं आणि मागणं बरोबरच आहे. पण तिचे नियम कापडाचे नाहीत.

माप घेताना ऊन विसरणं

आपल्याकडे ही चूक सगळ्यांत महाग पडते. जानेवारीच्या सकाळी १० अंश, मेच्या दुपारी बंद बोटीत ५० अंश. ४० अंशांच्या या फरकात १२०० मिलिमीटर लांबीची पॉलिकार्बोनेट शीट सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास वाढते. ताडपत्रीच्या सांगाड्याचा तेवढ्याच लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा पाइप वाढतो जेमतेम एक मिलिमीटर. राहिले दोन मिलिमीटर. दोन मिलिमीटरनं काय होतं, असं मलाही वाटायचं. पण शीटची दोन्ही टोकं घट्ट धरलेली असतील, तर या दोन मिलिमीटरचं मधोमध तीन सेंटीमीटर पोट होतं. भूमितीच तशी आहे. पाइप स्टीलचा असेल तर तो आणखी कमी वाढतो, म्हणजे पोट आणखी मोठं.

उलटही होतं. मेच्या उन्हात ताणून बसवलेली शीट थंडीत आखडते आणि सगळा ताण टाक्यांवर येतो.

म्हणून मी आता तीन गोष्टी करतो. शीट पाइपापर्यंत नेत नाही. चारही बाजूंनी पाच ते सात सेंटीमीटर कापडाची पट्टी ठेवतो. वरची कड पक्की बसवतो आणि खालची इलॅस्टिक दोरीनं ओढून घेतो, म्हणजे शीटला वाढायला आणि आखडायला वाट राहते. आणि मीटरभराहून रुंद खिडकी असेल तर तिच्या दोन करतो, मधे चेन लावतो. गिऱ्हाइकाला एकसंध हवी असते. समजावून सांगावं लागतं.

कापडही बघा. सुती ताडपत्री भिजली की आखडते आणि शीट आखडत नाही, त्यामुळे पहिल्या पावसात कोपऱ्यांना चुण्या पडतात. शीटच्या भोवती अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिस्टरचं कॅनव्हास वापरा.

फर्मा, म्हणजे कापायचा नमुना, काढताना आणखी एक ध्यानात ठेवा. शीट एकाच दिशेनं वाकते. बोटीची पुढची बाजू जिथे आडवी आणि उभी अशी दोन्हीकडे वळते, तिथे एक मोठी शीट कधीच नीट बसणार नाही. तिथे लहान लहान सपाट तुकडे करा.

शीट घेताना

नागपूरच्या इतवारी बाजारात "पॉलिकार्बोनेट द्या" एवढंच म्हटलं तर शेडच्या छपराची शीटही हातात पडू शकते. शिवायची असेल तर एक मिलिमीटरच्या आसपासची, सपाट, अतिनील किरण अडवणारा थर दिलेली शीट हवी. हा थर बऱ्याच शीटना एकाच बाजूला असतो आणि ती बाजू शीटवर चिकटवलेल्या संरक्षक फिल्मवर छापलेली असते. ती उन्हाकडे आली पाहिजे. फिल्म काढायच्या आधी कोपऱ्यात खूण करून ठेवा. नंतर नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे कमी उठतात, पण सुईखाली ते तडकतं. शिवायच्या कामाला मी ते वापरत नाही.

फिल्मचीही गंमत नाही. लवकर काढली तर कापताना ओरखडे. तशीच ठेवून शीट उन्हात टाकली तर ती भाजून चिकटते आणि चिंध्या होऊन निघते. कापून, शिवायच्या कडेपुरती फिल्म मागे सारा, शिवा, बसवा आणि त्याच दिवशी बाकीची काढा.

कापणं आणि शिवणं

एक मिलिमीटरची शीट चांगल्या कात्रीनं कापते. जाड शीटला बारीक दातांचं जिगसॉ (विजेवरची करवत) लागतं, पण बेतानं चालवा, नाहीतर कड वितळून पुन्हा चिकटते. कोपरे कधी काटकोनात सोडू नका. वाटीच्या कडेसारखे गोल करा आणि कडा पॉलिश पेपरनं घासून घ्या. चीर बहुतेक वेळा टोकदार कोपऱ्यातून किंवा खडबडीत कडेतून सुरू होते.

शिलाईत बारीक टाका म्हणजे मजबूत टाका, हे कापडात शिकलेलं इथे विसरा. बारीक टाक्यांच्या भोकांची रांग म्हणजे पोस्टाच्या तिकिटाची कड. ताण आला की शीट तिथूनच फाटते. पाच-सहा मिलिमीटरचा टाका घाला. शेवटी मशीन मागे-पुढे चालवून टाका पक्का करायची सवय असते, तीही नको. त्याच भोकात तीनदा सुई गेली तर तिथे चीर पडते. दोऱ्याची टोकं मागे ओढून हातानं गाठ मारा. टाचण्या तर लावताच येत नाहीत, म्हणून कापड आणि शीट आधी डबल टेपनं जुळवा. कापड आणि शीट दोन्ही एकत्र सरकवणाऱ्या पायाचं मशीन असेल तर काम निम्म्यानं सोपं होतं. दोरा उन्हात टिकणारा पॉलिस्टर घ्या, सुती नको.

शीट दोन मिलिमीटर किंवा त्याहून जाड असेल तर शिवूच नका, बोल्टनं बसवा. भोक बोल्टपेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं ठेवा, रुंद वॉशर घाला आणि पाना जोर लावून आवळू नका. भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या, तर बोल्ट जास्त आवळलाय किंवा भोक तंग आहे असं समजा. बोल्ट सैल केला तर रेषा वाढायच्या थांबतात, पण आलेल्या जात नाहीत.

पुसताना शीट मरते

पॉलिकार्बोनेट दणका सोसतं, पण रसायन सोसत नाही. थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल, अमोनियाचा काच पुसायचा स्प्रे, यांपैकी काहीही लागलं की आधी धुरकटपणा येतो, मग तडे. टेपचा चिकटा काढायला माझ्या एका शिकाऊ पोरानं थिनरचा बोळा फिरवला आणि दिवसभराचं काम वाया गेलं. मला त्याला आधी सांगायला हवं होतं. फटी भरायला सिलिकॉन वापराल तर न्यूट्रल घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं नको. मऊ पीव्हीसीचं रबरही शीटला चिकटवून ठेवू नका. त्यातला तेलकट अंश शीटमध्ये उतरून तडे पाडतो.

आपल्याकडे धूळ भरपूर. कोरड्या फडक्यानं किंवा, घरात काचेला करतो तसं, वर्तमानपत्रानं पुसलं की धुळीचा प्रत्येक कण शीटवर रेघ ओढतो. आधी पाणी ओतून धूळ वाहू द्या, मग सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ सुती कापड. उठलेले ओरखडे घासून काढायच्या फंदात पडू नका. वरचा थरही निघून जातो.

काढून ठेवताना घडी नाही, घट्ट गुंडाळीही नाही. आडव्या सपाट ठेवा, दोन खिडक्यांच्या मधे जुनी चादर घाला. टिनाच्या बंद शेडमध्ये नवतपाचे, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाचे दिवस काढायला लावू नका.

बोट चारही बाजूंनी बंद करणं

थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या लावून इंजिन सुरू ठेवणारे मी पाहिले आहेत. मागची बाजू तेवढी उघडी ठेवली तरी भागत नाही. बोट चालताना मागच्या हवेचा ओढा धूर आत घेतो. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. म्हणून पुढचीही एक खिडकी उघडता आली पाहिजे, आणि ती आतून एका हातानं उघडली पाहिजे. बोट उलटली तर बाहेर पडायची वाटही तीच असते. मी त्या खिडकीला टिचबटणं लावत नाही. आतबाहेर दोन्हीकडून पकडता येणारी मोठी प्लास्टिकची चेन लावतो, आणि बोट ताब्यात देताना बोटवाल्याला डोळे मिटून ती उघडून दाखवायला सांगतो.