दुपारपर्यंत टिकलेला फुलांचा मुकुट

भाचीसाठी बागेतल्या फुलांचा मुकुट केला, तो तासाभरात मान टाकून बसला. पांढऱ्या चाफ्याच्या पाकळ्यांवर तपकिरी डाग पडले होते आणि देठांतला चीक तिच्या कपाळाला लागून खाज सुटली, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या वेळी फुलं ऊन चढायच्या आत तोडली. चाफ्याचे देठ चीक गळायचा थांबेपर्यंत पाण्यात धरले, मग कोरडे पुसले. ताजी फुलं दोन तास सावलीत पाण्यात ठेवली. खरा फरक मात्र मुकुटाच्या आधाराने पडला. नुसत्या तारेऐवजी कॉर्डिलिन या शोभेच्या झाडाच्या लांब पानांची मधली शीर काढून तिपेडी वेणी घातली. ती लवचिक राहते, टोचत नाही. तिच्यात फर्न खोचला आणि एकेक फूल दोऱ्याने, देठावर दोन वेढे देऊन बांधलं. घट्ट आवळलं की देठ कापला जातो.

जास्वंद शेवटी, घालायच्या जरा आधी; ती एका दिवसाचीच. बोगनवेल मात्र कमालीची टिकते, कारण तिचे रंगीत भाग पाकळ्या नसून पानंच असतात. कण्हेर विषारी, म्हणून ती कितीही सुंदर दिसली तरी वगळली. मुकुट दुपारपर्यंत ताठ होता.