मंडळीचा सिद्धांत प्रवेशअर्जात कसा वाचावा

एखाद्या प्रोटेस्टंट मंडळीने, म्हणजे चर्चने, आपल्या आश्रयगृहाचे नियम तपासायला बोलावलं, की मी भिंतीवरची वचनं वाचत बसत नाही, आधी प्रवेशअर्ज मागते. मंडळी खरोखर काय मानते ते तिथे कळतं.

अर्जातल्या प्रत्येक प्रश्नापुढे विचारा: उत्तर ‘नाही’ आलं तर मदत बंद होते का? दारू सोडली का, उपासनेला येता का, नवऱ्याकडे परत जायची तयारी आहे का. माणूस कृपेने, विश्वासाच्या द्वारे नीतिमान ठरतो, कर्मांनी नाही, हे ज्या मंडळीचं मूळ शिक्षण, तिनेच जेवणाच्या ताटासाठी चांगल्या चालीचा दाखला मागावा? पाळकांसमोर, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंसमोर, मी बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय उघडते. तारण कृपेने होतं, कर्मांनी नाही, हे सांगणारं आठवं-नववं वचन सगळ्यांना पाठ असतं. सत्कृत्यांविषयीचं दहावं त्यानंतर येतं, आणि हा क्रम अर्जात उलटा झालेला असतो.

यावर कुणीतरी ‘काम न करणाऱ्याने खाऊही नये’ हे बायबलच्याच थेस्सलनीकाकरांस पत्रातलं वचन काढणारच. तिथे रोख काम करायची इच्छाच नसणाऱ्यावर आहे. अंथरुणाला खिळलेल्या बाईला ते लावू नका.

पण हा सिद्धांत दुधारी आहे, हेही ध्यानात ठेवा. दानाने पुण्य जोडता येत नाही असं प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरने शिकवलं आणि भिकाऱ्याला भीक घालण्यातलं धार्मिक मोल गेलं. त्यातून जर्मनीतल्या लायस्निग गावाची 1523 ची सामाईक पेटी, म्हणजे सगळ्या गावाचा एकत्र निधी, आली. गरिबांना नियमित मदत सुरू झाली, त्याच नियमांत भीक मागण्यावर बंदीही आली. ‘हा खरंच गरजू आहे का’ हा संशय तेव्हापासून आपल्या रकान्यांत मुक्कामाला आहे.

त्या पेटीला चार कुलपं होती आणि किल्ल्या वेगवेगळ्या गटांकडे. मला हा तपशील फार आवडतो. सगळेच पापी आहेत हे मान्य असेल, तर पाळक आणि खजिनदारही त्यात आले! म्हणून पैशांवर दोन सह्या घ्या, मुलांसोबत एकटा मोठा माणूस ठेवू नका. दुसरे प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन यांच्या जिनिव्हात 1541 च्या नियमांनी डीकनांची, म्हणजे मंडळीच्या सेवकांची, दोन कामं ठरवली: काहींनी गरिबांचा निधी सांभाळायचा, काहींनी आजारी-गरिबांची शुश्रूषा करायची. आजही तिजोरी आणि सेवा वेगवेगळ्या हातांत द्या.

जेवणाआधीच्या प्रार्थनेवरून वाद होतो. माझं मत सरळ आहे: प्रार्थना करा, पण न थांबणाऱ्यालाही तेच ताट, त्याच वेळी. विश्वास देवाचं दान असेल, तर तो ताटाच्या बदल्यात वसूल करता येत नाही.

जिथे स्वतः विश्वासाची कबुली दिल्यावरच बाप्तिस्मा होतो, तिथे आणखी एक प्रश्न विचारा: जो कधीच बोलून कबुली देऊ शकणार नाही, त्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसाचं मंडळीत स्थान काय? उत्तर लेखी घ्या.

सर्व विश्वासणाऱ्यांचं याजकत्व, म्हणजे प्रत्येक विश्वासणारा देवासमोर याजकच आहे, हे मानता ना, मग मदत घेणाऱ्यांपैकी किमान दोघांना समितीत मतासह बसवा. नुसतं साक्ष द्यायला उभं करू नका. तक्रार मंडळीबाहेरच्या व्यक्तीकडे जायला हवी. पाळकीणबाई कितीही प्रेमळ असल्या, तरी तक्रारपेटीची किल्ली त्यांच्याकडे नको.