जुन्या फ्रेंच कोचची ओळख पटवताना या चुका टाळा

फ्रान्सच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून, डोंगराळ गावांतून धावलेल्या जुन्या कोचचे, म्हणजे प्रवासी बसगाड्यांचे, फोटो, पोस्टकार्डं किंवा छोटी मॉडेल्स जमवत असाल, तर खाली छापलेल्या नावावर लगेच विश्वास ठेवू नका. ती नावं फार वेळा चुकलेली असतात, कारण अख्खी गाडी एकाच कंपनीची असणार असं लिहिणारा धरून चालतो. एसटीने फिरलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. टाटा किंवा अशोक लेलँडची चेसिस (चाकं-इंजिनासह खालचा सांगाडा) येते आणि तिच्यावर दापोडीच्या कार्यशाळेत बॉडी बांधली जाते. फ्रान्सच्या ग्रामीण सेवांतही बराच काळ हेच चाललं. चेसिस कधी स्विस घराण्याची, कधी अमेरिकन, आणि बॉडी बांधणारा जवळपासच्या शहरातला एखादा छोटा कारखाना.

जाळीवरचं नाव वाचून मोकळं होणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. रेडिएटरपुढच्या जाळीवर ‘फोर्ड’ दिसलं की लोक ‘अमेरिकेहून आयात’ असं लिहून टाकतात. पण फोर्डच्या फ्रेंच कंपनीचा पॅरिसजवळ प्वासी इथे स्वतःचा कारखाना होता आणि 1954 मध्ये तो सिम्का या फ्रेंच मोटार कंपनीने घेतला. त्यानंतर फोर्डचाच कार्गो ट्रक सिम्काच्या नावाने विकला गेला. नाव बदललं, खालचं लोखंड तेच राहिलं.

झाउररचंही तसंच. मूळ कंपनी स्वित्झर्लंडमधल्या आर्बोनची, पण 1910 पासून पॅरिसला लागून असलेल्या सुरेनमध्ये तिचा कारखाना होता. म्हणजे आल्प्समधली झाउरर दिसली तरी ती सीमेपलीकडूनच आली असेल असं नाही. 1956 मध्ये झाउररचा हा फ्रेंच व्यवसाय उनिक या फ्रेंच ट्रक कंपनीकडे गेला. 1966 मध्ये उनिक इटलीच्या फियाटकडे गेली आणि 1975 मध्ये ट्रक-बस बनवणाऱ्या इव्हेकोत सामील झाली. त्यामुळे उनिकची जाळी पाहून ‘फ्रेंच’ की ‘इटालियन’ हे ठरवण्याआधी गाडीचं साल काढा.

उपाय सोपा आहे. फोटोखाली एका नावाऐवजी तीन ओळी ठेवा: चेसिस, इंजिन, बॉडी. जी कळली नसेल तिच्यापुढे ‘अज्ञात’ लिहा. बॉडीची ओळ तर कधीच गाळू नका. पत्रा ठोकून, लाकडी सांगाडा जोडून ज्यांनी ती गाडी प्रत्यक्षात उभी केली, त्या कारखान्यांची नावं आधीच पुसट होत चालली आहेत. ती टिकवणं हे जमवणाऱ्याचंच काम आहे.

इंजिनावरून चेसिस ठरवणं

काही गाड्यांना तर वेगळी चेसिसच नसते. आर्देशमधल्या आनोने गावी जोझेफ बेसे यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस ‘इझोब्लॉक’ ही बस काढली. तिचा सांगाडाच सगळा भार पेलायचा आणि सुरुवातीच्या गाड्यांत मागे फोर्डचं व्ही-8 इंजिन असायचं. तिच्याखाली ‘फोर्ड चेसिस’ लिहिलं की चूक दुहेरी होते. शोसों या फ्रेंच कंपनीच्या युद्धोत्तर कोचही अशाच, स्वतःच्या सांगाड्यावर उभ्या. त्यांत इंजिन मात्र हॉचकिसचं, पानारचं किंवा सोम्युआचं मिळतं.

उलटीही फसगत होते. बोनेटवाल्या ट्रकच्या चेसिसवर सपाट तोंडाची बॉडी चढवली की इंजिन आत, ड्रायव्हरशेजारी झाकलं जातं आणि गाडी सलग बांधलेली वाटते. अशा वेळी तोंडाकडे पाहू नका. चाक, हब आणि नटांची संख्या बघा आणि चेसिस कंपनीच्या त्या काळच्या माहितीपत्रकाशी ताडून घ्या.

उजवीकडे स्टिअरिंग दिसलं म्हणून ‘ब्रिटिश’ ठरवणं

आपल्या डोळ्याला उजवं स्टिअरिंग सवयीचं, म्हणून ही खूण चटकन दिसते आणि चटकन चुकवतेही. फ्रान्समध्ये गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. तरी जड ट्रक आणि कोच यांचं स्टिअरिंग 1950 च्या दशकापर्यंत अनेकदा उजवीकडेच असे. घाटात रस्त्याची कड आणि दरी ड्रायव्हरच्या नजरेखाली राहावी हा हेतू. फ्रेंच बेर्लिए आणि झाउरर दोन्ही कंपन्यांच्या गाड्यांत ते सापडतं. फोटो उलटा छापला आहे का ही शंका असेल, तर नंबरप्लेट आणि प्रवाशांचं दार बघा. दार उजवीकडे असायला हवं.

नंबरप्लेटवरून गाव सांगणं

1950 पासून चाललेल्या पद्धतीत शेवटचे दोन आकडे जिल्ह्याचे: 07 म्हणजे आर्देश, 74 म्हणजे ओत-साव्हुआ. पण मालक दुसऱ्या जिल्ह्यात गेला की नंबर बदलायचा, त्यामुळे प्लेट फक्त फोटोच्या वेळची नोंदणी सांगते. 2009 नंतरच्या नंबरांत जिल्ह्याचा आकडा मालक हवा तो निवडू शकतो, म्हणजे पुरावा म्हणून तो निरुपयोगीच.

घाईघाईने घासून रंगवणं

प्रत्यक्ष गाडी हाताशी असेल, तर रंगकामाआधी दाराची पायरी, डॅशबोर्डची खालची कड आणि दाराच्या वरची पट्टी तपासा. बॉडी बांधणाऱ्याची छोटी पाटी बहुतेक इथेच, रंगाच्या थरांखाली दबलेली असते. सँडब्लास्टिंगने तिची अक्षरं कायमची जातात. थिनरमध्ये भिजवलेल्या कापसाने हलके पुसा, वर पातळ कागद ठेवा आणि पेन्सिल आडवी धरून घासा, अक्षरं उमटतात.

नटबोल्टही जपून. ब्रिटिश किंवा अमेरिकन आराखड्याच्या चेसिसचे आटे इंचांत आणि वरच्या फ्रेंच बॉडीचे मिलिमीटरमध्ये, असा प्रकार एकाच गाडीत भेटतो. अर्ध्या इंचाच्या डोक्यावर 13 चा पाना बसतो, पण किंचित ढिला, आणि जोर लावला की कोपरे जातात. 5/16 इंचाच्या भोकात आठ मिलिमीटरचा बोल्ट दोन-तीन आटे गुमान जातो, मग अडकतो. तिथेच थांबा, उलटा फिरवून काढा. पुढे रेटला तर चेसिसचे आटे गेलेच म्हणा.

आजच्या मिनीबसमध्येही तोच घोळ

खेड्यापाड्यांतून धावणाऱ्या लहान गाड्यांत अल्सासमधल्या दिट्रिशसारख्या कारखान्यांनी मर्सिडीज स्प्रिंटर किंवा तशाच परदेशी गाडीवर बांधलेल्या बॉडी दिसतात. इथे चेसिस क्रमांक कामी येतो, कारण बॉडी कुणीही बांधली तरी मूळ निर्मात्याचा क्रमांक तसाच राहतो. डब्ल्यूने सुरू होत असेल तर निर्माता जर्मन, झेडने इटालियन, व्हीएफने फ्रेंच. नंतरच्या टप्प्यावर काम करणारा आपली वेगळी पाटी जोडतो, म्हणून दोन्ही पाट्यांचे फोटो काढून ठेवा. इव्हेकोची क्रॉसवे ही बस मात्र या यादीत घालू नका. फ्रान्सच्या जिल्हा सेवांत ती जागोजागी दिसते, पण ती चेसिस आणि बॉडी मिळून चेक प्रजासत्ताकातल्या विसोके मितो इथून पूर्ण तयार होऊन येते.

मॉडेल रंगवणाऱ्यांसाठी शेवटची गोष्ट: चेसिस कुठल्याही देशाची असो, 1930 च्या दशकाच्या अखेरीपासून 1993 पर्यंत फ्रान्समध्ये पुढचे दिवे पिवळेच लागत. त्या काळातल्या कोचला पांढरे दिवे देऊ नका.