‘गो’ म्हणायचं ते एकदाच: नाटकाच्या टीमसाठी बेल्टपॅक

मी रंगमंच व्यवस्थेत आले तेव्हा विंगेतून मागच्या लाइटच्या खोलीकडे टॉर्च हलवून क्यू, म्हणजे लाइट किंवा साउंड बदलायचा इशारा, देत होते. लाइटवाल्यानं तेवढ्यात मान खाली घातली की क्यू गेला. आता वायरचा इंटरकॉम भाड्यानं मिळतो: एक बेस म्हणजे मुख्य डबा, चार बेल्टपॅक म्हणजे कमरेला अडकवायच्या छोट्या डब्या, त्यांना लावायचे चार हेडसेट, सगळं एका पेटीत. एकांकिकावाली मुलं ती पेटी दुपारी चारला उघडतात आणि साडेसहाला मला फोन करतात, ‘ताई, काहीच ऐकू येत नाहीये.’ हे त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी माणसं ठरवा. चारच पॅक असतील तर माझी वाटणी अशी: एक माझ्याकडे विंगेत, एक लाइटला, एक साउंडला, एक समोरच्या विंगेत पडद्यापाशी. दिग्दर्शकाला देऊ नका. त्याला पॅक मिळाला की तो प्रयोग बघायचा सोडून प्रयोग चालवायला लागतो. फारच हट्ट केला तर हेडसेटची माइकची दांडी डोक्यावर वळवून द्या आणि ‘फक्त ऐका’ म्हणून सांगा.

आता वायर. बहुतेक सेटना साधी तीन पिनची माइकची केबल चालते आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. क्लिअरकॉम या कंपनीच्या पद्धतीच्या लाइनमध्ये एक नंबरच्या पिनेवर ग्राउंड, दोनवर साधारण 30 व्होल्ट डीसी आणि तीनवर आवाज असतो. म्हणजे पॅकला लागणारी वीजही त्याच केबलमधून येते, सेल लागत नाहीत. पण दिसायला ती माइकचीच केबल. एका स्नेहसंमेलनात माइकला केबल कमी पडली म्हणून एका उत्साही मुलानं आमच्या पॅकमधली उपटली आणि मिक्सरला लावली. स्पीकरमधून धप्प असा आवाज आला की पहिल्या रांगेतले पाहुणे दचकले, आणि इकडे पडद्यावरचा पॅक मुका. तेव्हापासून इंटरकॉमच्या प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना लाल टेप लावते आणि लाल टेपला हात लावायचा नाही हे सगळ्यांना चहाच्या वेळीच सांगून ठेवते.

पॅकला बहुधा दोन सॉकेट असतात, एकातून लाइन आत येते, दुसऱ्यातून पुढच्या पॅककडे जाते. माझ्या विंगेतून लाइटपर्यंत, तिथून साउंडपर्यंत अशी साखळी करता येते, पण मधली एक केबल सुटली की पुढचे सगळे गेले. म्हणून पडद्याची लाइन मी बेसवरून वेगळी काढते. केबल डिमरच्या (लाइट कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) आणि लाइटच्या जाड वायरींना समांतर टाकू नका, कानात गुणगुण सुरू होते. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

पेटीत अर्धे पॅक एका कंपनीचे आणि अर्धे दुसऱ्या कंपनीचे निघाले तर तिथेच थांबा. आरटीएस या दुसऱ्या कंपनीच्या दोन चॅनेलच्या, म्हणजे बोलायच्या दोन वेगळ्या लाइनींच्या पद्धतीत दोन नंबरच्या पिनेवर वीज आणि पहिला चॅनेल एकत्र जातात, तीनवर दुसरा चॅनेल. क्लिअरकॉमचा पॅक तिथे लावला तर दिवा लागेल, तुम्ही खूश व्हाल, पण बोलणं जुळणार नाही. पिना मोजत बसण्यापेक्षा भाड्यानं देणाऱ्याला फोन करा.

टर्मिनेशन, म्हणजे आवाजाच्या लाइनवर जोडलेला ठरावीक रोध, नावाची एक गोष्ट आहे, तिच्याकडे कुणी बघतच नाही. प्रत्येक चॅनेलला एकाच ठिकाणी, बहुधा बेसमध्येच, 200 ओहमचं टर्मिनेशन लागतं. बेसच्या मागे त्याचा स्विच असतो. दोन बेस जोडले आणि दोन्हींचा स्विच चालू राहिला तर सगळ्यांचा आवाज खोल जातो. दोन्हींचा बंद राहिला तर आवाज चढतो आणि लाइन शिट्टी मारायला लागते. ‘ताई, आवाज बारीक येतोय’ असा फोन आला की माझा पहिला प्रश्न हाच असतो.

हेडसेट लावण्याआधी पॅकचा आवाज खाली करा, मग हळूहळू वाढवा. एका कानाचा हेडसेट घ्या. दुसरा कान नाटकाचा. माइक ओठांच्या कोपऱ्याशी, जवळजवळ टेकलेला हवा. हनुवटीखाली लोंबकळत असेल तर तुमच्यापेक्षा नटाचं स्वगत जास्त ऐकू येतं.

नंतर साइडटोन, म्हणजे स्वतःचा आवाज स्वतःच्या कानात किती यावा ते. बऱ्याच पॅकवर एक बारीक भोक असतं, आत स्क्रू. नाट्यगृह रिकामं असताना टॉकचं बटण दाबून, प्रयोगात बोलाल तेवढ्याच दबक्या आवाजात बोला आणि स्क्रू फिरवा. स्वतःचा आवाज फार कमी आला तर माणूस नकळत ओरडतो आणि तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जातं. फार जास्त आला तर इतका पुटपुटतो की लाइटवाला ‘काय?’ विचारत बसतो.

टॉकचं बटण नीट समजून घ्या. पुष्कळ पॅकवर टिचकी मारली की माइक चालूच राहतो आणि दाबून धरलं तर सोडेपर्यंतच. नवख्या माणसाला दाबून धरायलाच शिकवा. एक माइक उघडा राहिला तर सगळ्यांच्या कानात त्याची खोली उघडते. रंगीत तालमीला एकदा दुसरा अंक अख्खा आम्ही साउंडवाल्याच्या भडंगाच्या साथीनं ऐकला. आणि टॉक चालू ठेवून हेडसेट टेबलावर टाकला की माइक आणि कानाचा स्पीकर समोरासमोर येऊन किंचाळतात. काढायचा तर आधी टॉक बंद. काढून ठेवलेल्याला बोलवायला कॉलचं बटण असतं, त्याच्या पॅकवर दिवा लुकलुकतो. विंगेतल्या पॅकच्या दिव्यावर काळ्या टेपचा तुकडा लावा, अर्धा झाकेल इतकाच. काळोखात तो पहिल्या रांगेला दिसतो.

एखादा पॅक बंद पडला तर जागेवर खुडबुड करू नका. तो उचलून थेट बेसला, खात्रीच्या छोट्या केबलनं लावा. चालला तर दोष लाइनमध्ये. नाही चालला तर हेडसेट बदला. तरीही नाही, तर पॅक बाजूला. सगळेच एकदम गेले तर बहुतेक कुठेतरी शॉर्ट आहे, एकेक लाइन काढत जा.

बिनतारी सेट वापरता तेव्हा एवढंच बघा: 2.4 गिगाहर्ट्‌झवर चालणारा असेल तर रिकाम्या नाट्यगृहातली चाचणी खरी मानू नका, कारण प्रेक्षकांचे शेकडो फोन त्याच लहरींवर गर्दी करतात. बेस उंचावर ठेवा, माणसांच्या डोक्यांवर. मध्यंतरात बॅटऱ्या बदला, अर्ध्या उरल्या असल्या तरी.

आता भाषा. क्यू नंबर एकेक आकडा म्हणून बोला. हेडसेटमध्ये त्रेपन्न आणि त्रेसष्ट, एकोणसाठ आणि एकोणसत्तर सारखेच ऐकू येतात. ‘लाइट पाच-तीन, तयार?’ पलीकडून ‘लाइट तयार.’ मग लाइनवर शांतता. मग ‘लाइट पाच-तीन... गो.’ ‘गो’ शेवटी, आणि त्या एका क्षणाशिवाय हा शब्द लाइनवर येता कामा नये. ‘गो देऊ नकोस अजून’ असं तर कधीच म्हणू नका. मराठीत नकार मागून येतो. ‘नकोस’ ऐकू येईपर्यंत लाइटवाल्याचं बोट खाली गेलेलं असतं. थांबवायचं असेल तर फक्त ‘थांब’.

आमचे पडद्याचे काका कुडाळचे. एका प्रयोगात मी ब्लॅकआउटला तयार म्हटलं, लाइटनं तयार म्हटलं, आणि काकांचा माइक उघडा. चहा घेऊन मागे आलेल्या वेशभूषेच्या मुलीला ते म्हणाले, ‘काय गो?’ रंगमंचावर बापाच्या तोंडी अजून चार वाक्यं होती. ती त्यानं काळोखात म्हटली आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, हे आमचं नशीब. आता काकांच्या पॅकवर पट्टी चिकटवली आहे: ‘गो नाय.’

प्रयोग संपला की बेस बंद करून मगच केबल काढा, माइकचे स्पंज चाचपून बघा आणि पॅक मोजा. तीन भरले की चौथा शोधायला थेट गेटवर जा. तो काकांच्या कमरेला असतो आणि काका रिक्षात बसत असतात.