सोनौलीवरून नेपाळला जाताय? बॉर्डरवर काही खटकलं तर काय करायचं

पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, लुंबिनी करायला आपले मराठी ग्रुप हल्ली भरपूर जातात आणि विमान परवडत नसलं की रूट ठरलेला, मुंबईच्या एलटीटीवरून (लोकमान्य टिळक टर्मिनस) गोरखपूरची गाडी, तिथनं बस नाहीतर शेअर जीपने शंभरेक किलोमीटरवर सोनौली, गेट चालत ओलांडलं की बेलहिया, झालं, पोचलात नेपाळात. याच रस्त्यानं उलट्या दिशेला नोकरीचं नाहीतर लग्नाचं आमिष दाखवून पोरी आणल्या जातात, पोरंही आणतात कामाला, आणि पुढं गोरखपूरला गाडीत बसवलं की मुंबई एका तिकिटावर. त्यामुळे यात्रा करताना एखादी गोष्ट डोळ्याला खटकू शकते, ती कोणाला आणि कशी सांगायची एवढंच इथे लिहितोय.

आधी ती बॉर्डर कशी आहे ते समजून घ्या, नाहीतर "एवढे जवान उभे असून कसं काय जातात हे लोक" असं वाटत राहतं. भारत-नेपाळ सीमा १७५१ किलोमीटरची, उत्तराखंड ते सिक्कीम, कुंपण नाही, आणि १९५० च्या करारामुळे दोन्हीकडच्या लोकांना व्हिसा लागत नाही. इमिग्रेशनचं ऑफिस आहे पण ते तिसऱ्या देशाच्या लोकांसाठी, तुमच्या-माझ्या किंवा नेपाळी माणसाच्या पासपोर्टवर तिथं शिक्का मारत नाहीत, म्हणजे कोण कधी गेलं-आलं याची पक्की नोंद नसते. (आपण भारतीयांनी पासपोर्ट नाहीतर व्होटर कार्ड जवळ ठेवायचं, आधारवर विसंबून राहू नका.) सोनौली, रक्सौल, रुपईडीहा, बनबसा, जोगबनी, पानीटंकी ही मोठी नाकी झाली, पण मधे शेतातनं, नदीच्या पात्रातनं पायवाटा शेकड्यानं. नाक्यावर तपासणी कडक झाली की दलाल पायवाट धरतो.

या सीमेवर २००१ पासून एसएसबी म्हणजे सशस्त्र सीमा बल आहे, बांगलादेशच्या बाजूला बीएसएफ. दोघांकडेही मानवी तस्करीविरोधी युनिट्स आहेत. एसएसबीच्या जवानाच्या हातात शस्त्र दिसतं पण तस्करीच्या बाबतीत त्याचं खरं काम प्रश्न विचारण्याचं. संशय आला की ते मुलीला आणि सोबतच्या माणसाला वेगवेगळं बसवतात, मुलीशी महिला जवान बोलते, कुठं चाललीस, कोणाकडं, त्याचं पूर्ण नाव काय, हा माणूस तुझा कोण, भाड्याचे पैसे कोणी दिले, घरी फोन लाव बघू. मग तेच प्रश्न त्या माणसाला. उत्तरं जुळली तर दोन मिनिटांत मोकळं. ती सांगते मामा, तो सांगतो शेजारी, आणि घरच्यांना वाटतंय मुलगी मैत्रिणीकडे गेलीय, असं निघालं की मग पुढची चक्रं फिरतात. पलीकडच्या बाजूला माइती नेपाळसारख्या संस्थांच्या बायका उभ्या असतात, त्यातल्या काही स्वतः यातून सुटून आलेल्या, आणि खरं सांगायचं तर त्यांची नजर कुठल्याही मशीनपेक्षा भारी. अनुराधा कोइराला यांनी १९९३ ला ही संस्था काढली, त्यांना आपल्याकडे पद्मश्रीही मिळालीय.

गेटवर अडवण्यावर एवढा भर का, तर पुढं गेल्यावर सोडवणं फार अवघड होऊन बसतं. १९९६ च्या फेब्रुवारीत मुंबईत कामाठीपुऱ्यात मोठी धाड पडली, चारशेच्या वर मुली बाहेर काढल्या, त्यात दोनशेच्या आसपास नेपाळच्या. पण तिकडचं सरकार त्यांना परत न्यायला लगेच तयार होईना, मुली महिनोन्महिने इथल्या सुधारगृहांत अडकल्या आणि शेवटी तिथल्या संस्थांनीच बऱ्याच जणींना नेलं.

आता काय खटकायला हवं. नुसती तरुण मुलगी आणि मोठा पुरुष दिसला म्हणून काहीही ठरवू नका, या सीमेवर रोटी-बेटीचा व्यवहार आहे, रोज हजारो बायका माहेर, सासर, बाजार, दवाखाना करत ये-जा करतात, आणि सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीनं कामाला निघाली असेल तर तिला अडवायचा कोणाला हक्क नाही. नेपाळात यावर टीकाही होते की तस्करीच्या नावाखाली बायकांनाच थांबवत बसतात, आणि ती टीका मला पटते. खटकण्यासारखं म्हणजे मुलीला आपण कुठल्या गावी चाललोय हेच माहीत नाही. तिच्याशी बोललं की उत्तर दुसराच देतो. तिचा फोन, कागदपत्रं, पैसे सगळं दुसऱ्याच्या खिशात. गेटच्या आधी एक माणूस वेगळा होतो, पुढं जाऊन उभा राहतो, फोनवर सूचना देत राहतो, आणि पार झाल्यावर परत एकत्र. मुलीच्या भांगात ताजा सिंदूर पण नवऱ्याचं गाव विचारलं तर गोंधळ. ओळख फेसबुकवरची, पंधरा दिवसांपूर्वीची. किंवा चार-पाच जणी, कोणाकडं धड सामान नाही आणि सगळ्यांना सांगितलंय दुबई-कुवेत. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, आखाती देशात घरकामाला जाण्यावर नेपाळ सरकारनं बंधनं घातली होती म्हणून एजंट लोक बायकांना भारतातून फिरवून पाठवायला लागले, २०१८ मधे दिल्लीत पहाडगंज आणि मुनिरका भागातून अशा डझनावारी नेपाळी बायका सोडवल्या होत्या. यातली एखादीच गोष्ट दिसली तर काही अर्थ नसतो, तीन-चार एकत्र दिसल्या तर मात्र गप्प बसू नका.

सांगायचं कोणाला? गेटवर असाल तर सरळ युनिफॉर्ममधल्या एसएसबीच्या माणसाकडे जा, महिला जवान दिसली तर तिच्याकडेच. हिंदी चालते. बाजूला बोलवून हळू आवाजात सांगा, ओरडून बोट दाखवलंत तर दलाल दोन मिनिटांत गर्दीत गायब आणि मुलगी एकटी उभी. गेटपासून लांब असाल तर ११२, लहान मूल असेल तर १०९८ (नेपाळमधेही बालहेल्पलाइन १०९८ च आहे), बाईसाठी १८१, ट्रेनमधे असाल तर १३९ किंवा डब्यात आलेला आरपीएफवाला (रेल्वे सुरक्षा दलाचा जवान), टीसी.

आणि काय सांगायचं, तर जे बघितलं ते. "साहेब मला ते लोक बरोबर वाटत नाहीत" यावर जवान काय करणार, त्याच्यासमोरून त्या तासाभरात किती माणसं जाणार आहेत! असं सांगा, लाल जॅकेटवाली मुलगी, चौदा-पंधराची असेल, निळ्या टोपीचा माणूस सोबत, दहा मिनिटांपूर्वी ई-रिक्षातून उतरले, आता बसस्टँडकडे चाललेत, मुलगी मला म्हणाली कुठं जायचं माहीत नाही. गाडी असेल तर नंबर. कपडे, वेळ, दिशा, आणि कानावर पडलेलं वाक्य जसंच्या तसं, एवढं पुरतं. तुमचा अंदाज शेवटी सांगा, आणि अंदाज आहे असं म्हणूनच सांगा.

करायचं नाही ते म्हणजे स्वतः जाऊन त्या माणसाची कॉलर धरणं, मुलीचा हात धरून ओढणं, आणि व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकणं. पीडित मुलाची ओळख जाहीर करणं हा बाल न्याय कायद्यात गुन्हा आहे, तुमचा हेतू कितीही चांगला असू दे.

भुसावळची २०२३ ची केस आठवत असेल. दानापूर-पुणे एक्सप्रेसमधून ५९ मुलं भुसावळ आणि मनमाडला उतरवली, बिहारच्या अररिया भागातली, सांगलीकडच्या मदरशांत शिकायला चालली होती, सोबतच्या पाच जणांवर तस्करीचा गुन्हा, ते सुमारे महिनाभर जेलमधे. पुढच्या वर्षी पोलिसांनीच केस बंद करायचा रिपोर्ट दिला की यात तस्करी नव्हती, गैरसमज होता. म्हणून माझं म्हणणं, टोपी, दाढी, भाषा, गरिबी बघून फोन करू नका. वर्तन बघा.

तुम्ही सांगितल्यावर पुढं काय होतं हेही माहीत असू द्या. एसएसबी स्वतः गुन्हा नोंदवून तपास करत नाही, चौकशीत काही निघालं की माणूस स्थानिक पोलिसांकडे, तिथं एफआयआर. मूल अठराच्या आतलं असेल तर चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढं. मुलगी नेपाळची असेल तर तिकडचे पोलिस आणि संस्था यांच्यामार्फत घरी. कलम लागतं भारतीय न्याय संहितेचं १४३, अल्पवयीन असेल तर कमीत कमी दहा वर्षं ते जन्मठेप, आणि "ती स्वतःच्या मर्जीनं आली" ही पळवाट चालत नाही, फसवून आणलं असेल तर संमतीला किंमत नाही असं त्या कलमातच लिहिलंय.

गुन्हा नोंदला गेला तर तुम्हाला साक्षीदार म्हणून फोन येऊ शकतो, कधी बऱ्याच महिन्यांनी. बरेच लोक इथंच मागं सरतात आणि मग कोर्टात दलाल सुटतो. नाव पुढं येऊ द्यायचं नसेल तर सांगतानाच तसं सांगा. पण जबाब द्यायची तयारी असेल तर त्याच दिवशी मोबाईलमधे तारीख, वेळ, ठिकाण, ज्याला सांगितलं त्याच्या नेमप्लेटवरचं नाव लिहून ठेवा आणि ट्रेन-बसचं तिकीट टाकून देऊ नका, तुम्ही त्या दिवशी तिथं होतात हे त्यावरूनच दाखवता येतं.